जुनं आरसी विमान हॉबी शॉपमध्ये विकायला ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फील्डवर, फोनवर आणि ग्रुपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न पुणे, मुंबई, नाशिककडच्या उडवणाऱ्यांचे आहेत आणि रिमोटवर उडणाऱ्या, म्हणजे आरसी विमानांबद्दल आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न १० वाचून मगच दुकानाची पायरी चढा.

१. विमान ‘कमिशनवर ठेवणं’ म्हणजे नक्की काय? दुकानदार ते विकत घेतो का?

नाही. विमान दुकानात टांगलेलं असलं तरी मालकी तुमचीच राहते. विकलं गेलं की दुकानदार आपलं कमिशन कापून बाकीचे पैसे तुम्हाला देतो, नाही विकलं तर विमान परत घरी. कापडवाले आणि सराफ जांगड माल देतात-घेतात, त्यातलाच हा प्रकार. समजा विमान १२,००० रुपयांना गेलं आणि कमिशन २० टक्के ठरलं होतं, तर २,४०० दुकानाचे आणि ९,६०० तुमचे. करामुळे यात थोडा फरक पडतो, तो प्रश्न ११ मध्ये आहे.

काही दुकानदार म्हणतात, “ठेवता कशाला, आत्ता रोख सहा हजार घ्या आणि मोकळे व्हा.” ती सरळ विक्री झाली. पैशाची नड असेल तर त्यात वावगं काही नाही, फक्त नंतर ते कितीला गेलं याची चौकशी करत बसू नये.

२. ग्रुपवर फोटो टाकला की विमान विकलं जातं. मग दुकानाला कमिशन का द्यायचं?

चार-पाच हजारांच्या आतलं फोमचं विमान असेल तर खरंच देऊ नका, स्वतःच विका. दुकानाचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, मोठं किंवा ग्लो इंजिनचं (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं) विमान, जे हातात घेऊन पाहिल्याशिवाय कुणी घेत नाही. दोन, नवशिक्याला साजेसा ट्रेनर, म्हणजे शिकण्याचं विमान. नवशिका ग्रुपवर नसतो, तो वडिलांना घेऊन दुकानात येतो. शिवाय “लास्ट किती?”, “पाठवाल का?”, “मित्राला विचारून सांगतो” हे रोजचं दुकानदार झेलतो. माझ्या मते कमिशनचा निम्मा मोबदला त्यातच वसूल होतो.

३. दुकानदार कुठली विमानं ठेवून घेतो आणि कुठली नाही?

हाय विंग (पंख वर बसवलेले) ट्रेनर आनंदाने घेतात. नावाजलेल्या कंपनीची एआरएफ (बरीचशी जोडून आलेली) विमानं, चालू स्थितीतली ग्लो इंजिनं, बऱ्यापैकी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) हेही चालतं. दीड मीटरच्या वर विंगस्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) गेला की जागेचा प्रश्न येतो. छताला हुक असतील तर ठीक, नाहीतर “पंख उतरवून आणा” असं सांगतात.

सनबोर्ड किंवा डेप्रॉनची फोम शीट कापून घरी बनवलेलं विमान मात्र कितीही छान उडत असलं तरी दुकानात पडून राहतं. ज्याला ते आवडतं, त्याला ते बनवताही येतं. त्यातली मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि सर्वो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) काढून वेगळे ठेवा, त्यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं.

४. किंमत कशी ठरवू? मी यावर बावीस हजार घातले आहेत.

तुम्ही किती घातले हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो शेजारच्या शेल्फवरचा नवा बॉक्स पाहतो आणि मनात वजाबाकी करतो. म्हणून सुरुवात त्याच दुकानातल्या आजच्या नव्या किमतीपासून करा. तेच मॉडेल बंद झालं असेल तर त्याच मापाच्या दुसऱ्या विमानाची किंमत घ्या.

मग विमान मनातल्या मनात सुटं करा: सांगाडा, मोटर किंवा इंजिन, ईएससी, सर्वो, रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग). इलेक्ट्रॉनिक्सची जुन्या मालातली किंमत सहज काढता येते, कारण २२१२ साइझची १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेऱ्यांची) मोटर किंवा नऊ ग्रॅमचे सर्वो नवे कितीला मिळतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. सगळ्यात जास्त घसरण सांगाड्याची होते आणि मालकाचा जीव नेमका तिथेच अडकलेला असतो. रात्री जागून बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) बरगड्या चिकटवल्या, कव्हरिंगला (वरच्या पातळ आवरणाला) इस्त्री फिरवली, त्या तासांचा दर बाजारात शून्य आहे. कटू आहे, पण असंच आहे.

सुट्या भागांची बेरीज पूर्ण विमानाच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर विमान मोडून विकण्यात फायदा आहे. ग्लो ट्रेनरच्या बाबतीत हे नेहमी घडतं. ओएस कंपनीच्या ४६ मापाच्या चांगल्या इंजिनाला एकट्याला जे येतात, त्यात विमानासकट फारशी भर पडत नाही.

दुकानदाराला नेहमी दोन आकडे सांगा. एक टॅगवर लिहायचा, दुसरा त्याच्या खाली जायचं नाही असा. दुसरा आकडा टॅगवर नाही, पावतीवर लिहायचा. त्यामागचं कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

५. विमान कधी ठेवावं? वर्षभर सारखीच विक्री होते का?

नाही. आपल्याकडे उडवण्याचा मोसम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो आणि उन्हाचा चटका व वारा वाढेपर्यंत चालतो. गणपती झाले की ठेवा, म्हणजे दिवाळीच्या बोनसचं आणि सुट्टीचं गिऱ्हाईक सापडतं. इंजिनिअरिंगच्या मुलांची स्पर्धेची टीम असेल तर ती मुलं मोटर, सर्वो आणि ईएससी वर्षभर शोधत असतात. जूनमध्ये ठेवलेलं बाल्साचं विमान मात्र चार महिने दमट हवेत लटकून पंखाला पीळ पडण्याचीच शक्यता जास्त, विशेषतः मुंबईत आणि कोकणात.

६. सर्वो, मोटर, रिसीव्हर आत ठेवू की काढून घेऊ?

सर्वो, मोटर आणि ईएससी आत राहू द्या. रिसीव्हरचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात सर्रास फ्लायस्कायचा एफएस-आय६ ट्रान्समीटर असतो. तुमच्या विमानात त्याला चालणारा आयए६बी रिसीव्हर असेल तर तसाच ठेवा आणि टॅगवर ठळक लिहा, विमान त्याच्यामुळेच लवकर जातं. फुटाबा, स्पेक्ट्रम किंवा फ्रस्कायचा रिसीव्हर असेल तर काढून वेगळा विका. एका कंपनीचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरला सहसा बाइंड होत (जोडला जात) नाही आणि नवशिक्याला ते घरी गेल्यावर कळतं.

ठेवण्याआधी एक काम कराच. प्रॉप (पुढचा पंखा) काढा, सगळं चालू करा आणि प्रत्येक सर्वो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्येच ‘टिक’ आवाज करून जरा उडी मारली तर गिअरचा दात गेला आहे. तो सर्वो बदला, स्वस्तातलं काम आहे. मग ट्रान्समीटर बंद करून पाहा. मोटर थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) लावलेला नाही. असं विमान दुकानाच्या टेबलावर चालू करणं म्हणजे कुणाच्या तरी बोटांशी खेळ.

७. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या विमानाबरोबर दुकानात ठेवायच्या का?

शक्यतो नको. बरेच दुकानदार घेतही नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. पूर्ण चार्ज केलेली लायपो, म्हणजे प्रति सेल ४.२ व्होल्ट, महिनोन् महिने शोकेसमध्ये पडली तर खराब होते, आणि फुगलेली असली तर आगीचा धोका. द्यायचीच असेल तर प्रति सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून, वेगळ्या पिशवीत, खरेदीची तारीख चिकटवून द्या. फुगलेली बॅटरी ‘फुकट देतो’ म्हणूनही देऊ नका.

गिऱ्हाइकाला मोटर फिरवून दाखवायला दुकानाची बॅटरी वापरतात. त्यासाठी तुमच्या ईएससीवर एक्सटी६० कनेक्टर असेल तर सोपं जातं. जुना टी-प्लग असेल तर बदलून द्या, दहा मिनिटांचं सोल्डरिंग आहे.

८. ग्लो इंजिनचं विमान आहे, तीन वर्षं उडवलेलं नाही. असंच नेऊन ठेवलं तर चालेल?

असंच नेलं तर गिऱ्हाईक पहिल्या मिनिटात ते खाली ठेवेल. ग्लो इंजिन पाहणारा माणूस आधी प्रॉप धरून हाताने फिरवतो. घट्ट चिकटलं असेल तर संपलंच. फिरताना खरखर जाणवली तर त्याला कळतं की बेअरिंगला गंज आहे.

दोन्हीची कारणं इंधनातच आहेत. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे टाकी आणि इंजिन रिकामं न करता ठेवलं की बेअरिंग गंजतात. एरंडेल तेल वाळलं की डिंकासारखं होतं आणि पिस्टन, कार्ब्युरेटर सगळं धरून ठेवतं. चिकटलेलं इंजिन जोर लावून फिरवू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. हेअर ड्रायरने किंवा हीट गनने गरम करा, तेल सैल पडतं, मग हलकं तेल सोडून फिरवा. काळं झालेलं इंजिन साफ करायला काही जण ते गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर ठेवतात. कार्ब्युरेटर आणि रबरी ओ-रिंग आधी काढल्या तर काम छान होतं, पण कूलंट विषारी असतं. त्यासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

शेवटी आफ्टर-रन ऑइलचे (उडवून झाल्यावर इंजिनात सोडायच्या तेलाचे) दोन-चार थेंब, टाकी कोरडी, कडक झालेली इंधनाची नळी बदललेली. उरलेलं इंधन दुकानात अजिबात नेऊ नका. ते ज्वलनशील आहे आणि पोटात गेलं तर जीवघेणं.

९. एकदा क्रॅश झालं होतं, नीट दुरुस्त केलंय. सांगायलाच हवं का?

हो. टॅगवर सरळ लिहा: “उजव्या पंखाचं टोक दुरुस्त, त्यानंतर उडवलेलं आहे.” आरसी विमान क्रॅश न झालेलं नसतंच, गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं. तो घाबरतो लपवलेल्या दुरुस्तीला.

आणि लपत नाही ते. जाणता माणूस विमान उजेडाकडे तिरकं धरतो, कव्हरिंगखाली बाल्साचा जोड रेघेसारखा उमटतो. मग तो फायरवॉलवर (मोटर किंवा इंजिन बसतं त्या फळीवर) अंगठा दाबतो, लँडिंग गिअरचा (चाकांचा) ठोकळा हलवून पाहतो, दोन्ही पंखांच्या मुळाशी त्यांना जोडणाऱ्या जॉइनरची नळी सैल आहे का ते बघतो, एलिव्हेटरचे (शेपटीच्या आडव्या हलत्या भागाचे) हिंज ओढतो. फोमच्या विमानात नाकाजवळचा पिवळा पडलेला गोंद सगळं सांगतो. दुरुस्तीत वजन वाढलं असेल आणि सीजी (गुरुत्वमध्य) मागे गेला असेल तर नाकात किती वजन घातलंय तेही लिहा. पहिल्या उड्डाणाला घेणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात कामाची माहिती.

१०. दुकानदार ओळखीचा आहे. तरी पावती हवी का? तीत काय असावं?

ओळखीचा असेल तर नक्कीच हवी, कारण अनोळखी माणसाशी निदान भांडता येतं. दुकानाचं छापील चलन असायलाच हवं असं नाही, दोघांच्या सह्यांचा साधा कागद पुरतो. ‘१ नग विमान, जुने’ एवढंच लिहिलेली पावती मात्र काही कामाची नाही.

नग सुटे लिहा: मोटर कुठली, ईएससी किती अँपिअरचा, सर्वो किती आणि कुठले, रिसीव्हर आहे की नाही, पंखाचे बोल्ट, जॉइनर, सुटा कॅनोपी (कॉकपिटचं झाकण). छोट्या वस्तू हरवतात आणि जॉइनर हरवला की विमान विकण्याजोगं उरत नाही. त्या सगळ्या एका झिपच्या पिशवीत घालून फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) टेपने चिकटवा. चारी बाजूंनी फोटो काढा आणि दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी पाठवा, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही.

मग पैशाच्या गोष्टी. टॅगची किंमत, तळाची किंमत, कमिशन किती आणि ते विक्रीच्या रकमेवर की टॅगच्या किमतीवर, विकल्यावर किती दिवसांत पैसे, रोख की खात्यावर. गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे दिले तर त्याचा खर्च कोणाचा. मुदत किती, तीन महिने म्हणा, आणि मुदतीनंतर न नेल्यास काय. भाग सुटे विकायची परवानगी आहे की नाही हे तर लिहाच. नाहीतर कुणीतरी घाईत सर्वो मागतो, दुकानदार तुमच्याच विमानातला काढून देतो आणि तुम्हाला फक्त सांगाडा परत मिळतो.

११. जीएसटी, इन्कम टॅक्स यांचं काय?

तुम्ही स्वतःच्या छंदाचं वापरलेलं विमान विकताय, तो धंदा नाही, त्यामुळे त्या विक्रीवर तुम्हाला जीएसटी लागत नाही. दुकानदार जीएसटीत नोंदलेला असेल तर तो आपल्या कमिशनवर १८ टक्के लावतो. प्रश्न १ मधल्या उदाहरणात २,४०० वर ४३२, म्हणजे हातात ९,१६८ येतील. कमिशन करासकट की करावेगळं, हे आधीच विचारा. घरगुती वापराची अशी वस्तू विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा प्रश्नही सहसा येत नाही. पण दर महिन्याला लोकांची विमानं घेऊन, नीट करून विकत असाल तर तो धंदा झाला, मग सीएला विचारा.

१२. दुकानात विमान तुटलं, चोरीला गेलं किंवा आग लागली तर भरपाई कोण देणार?

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवणाऱ्याने ती स्वतःची असती तर साधारण माणसाने जेवढी जपली असती तेवढी जपायची असते. तेवढी काळजी घेऊनही नुकसान झालं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कलम १५२ नुसार तो जबाबदार नाही. म्हणजे पोराने स्टुलावर चढून पंख ओढला आणि दुकानदार फोनवर होता, तर तुमची बाजू भक्कम. शेजारच्या दुकानातली आग पसरली, तर नाही.

दुकानाचा विमा असेल तर तो बहुधा दुकानाच्या मालाचा असतो, ठेवायला आलेल्या मालाचा त्यात उल्लेख आहे का हे विचारा. महागडं विमान असेल तर ‘नुकसान झाल्यास तळाच्या किमतीतून कमिशन वजा करून भरपाई’ अशी ओळ पावतीत घाला.

१३. गिऱ्हाईक आधी उडवून दाखवा म्हणतो. किंवा विकत घेऊन पहिल्याच दिवशी आपटलं आणि पैसे परत मागतो.

दाखवायचं असेल तर तुम्हीच उडवा, त्याच्या हातात ट्रान्समीटर देऊ नका. तो हट्टाला पेटला तर पूर्ण रक्कम दुकानात जमा, आपटलं तर विमान त्याचं. बहुतेक वेळा टेबलावर मोटर आणि सर्व कंट्रोल फिरवून दाखवणं पुरतं.

पहिल्याच दिवशी आपटलं याचा अर्थ विमानात दोष होता असा होत नाही, एलरॉन (पंखांवरचे हलते भाग) उलटे लावून उडवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. टॅगवर दुरुस्ती आणि सीजी लिहिलेला असेल (प्रश्न ९) आणि दुकानात सगळं चालवून दाखवलं असेल, तर परतीचा प्रश्न उरत नाही. तुम्ही मोडका सर्वो लपवला असेल तर मात्र पैसे द्या आणि विषय संपवा.

१४. दुकानदाराने तळाच्या किमतीपेक्षा कमीत विकून टाकलं. विमान परत मागता येईल का?

बहुधा नाही. वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम २७ प्रमाणे, मालकाच्या संमतीने माल ताब्यात असलेल्या व्यापारी एजंटाने नेहमीच्या व्यवहारात तो विकला आणि घेणाऱ्याने प्रामाणिकपणे घेतला, तर विक्री पक्की. तुमचा वाद गिऱ्हाइकाशी नाही, दुकानदाराशी. करार कायद्याच्या कलम २११ नुसार त्याने तुमच्या सूचनेप्रमाणे वागायला हवं होतं, म्हणून फरक त्याच्याकडून वसूल होतो. पण सूचना होती हे सिद्ध कशावरून करणार? पावतीवरच्या त्या दुसऱ्या आकड्यावरून.

याचाच चुलतभाऊ म्हणजे दुकानदाराने तुम्हाला न सांगता स्वतःच ‘गिऱ्हाईक’ होऊन विमान तळाच्या किमतीला घ्यायचं आणि पुढच्या आठवड्यात चढ्या भावाने विकायचं. कलम २१६ प्रमाणे अशा व्यवहारातला नफा मालकाला मागता येतो. त्याने आधी सगळं सांगून तुमच्या संमतीने घेतलं असेल तर तक्रार नाही.

१५. विमानाबरोबर जुना क्वाडकॉप्टरही ठेवायचाय. नोंदणी क्रमांकाचं काय?

ड्रोन नियम २०२१ मध्ये फक्त चार पंख्यांचे ड्रोनच नव्हे, तर आरसी विमानंही येतात. त्यात २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात आणि छंद किंवा शिक्षणासाठी उडवायच्या मॉडेलना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण तुमच्या यंत्राचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर घेतलेला असेल तर विकताना तो घेणाऱ्याच्या नावावर करावा लागतो, आणि ते सरकारी पोर्टलवर मालकाने करायचं काम आहे, दुकानदाराने नाही. घेणाऱ्याचे तपशील दुकानदाराकडून मागून घ्या. नाहीतर उद्या त्याने नको तिथे उडवला तर पहिला फोन तुम्हाला येईल.

परदेशातून बॅगेत आणलेला, बिल नसलेला ड्रोन बरेच दुकानदार हातही लावत नाहीत. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद सोडून, बंदी आहे, आणि आपल्या शेल्फवर असा माल नको हे त्यांचं म्हणणं रास्त आहे.

१६. काका वारले. त्यांची आठ-दहा विमानं, इंजिनं, खोकीभर सामान आहे. आम्हाला यातलं काही कळत नाही.

पहिली गोष्ट, रद्दीवाल्याला बोलावू नका. दुसरी, “सगळं मिळून इतके देतो” म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला हो म्हणू नका, मग तो कितीही हळहळत असो. क्लबमधल्या दोन जाणत्या माणसांना वेगवेगळं बोलावून यादी करा.

पैसा सहसा विमानांत नसतो, खोक्यात असतो: पेटीबंद इंजिनं, न उघडलेली किट, बाल्साच्या चांगल्या फळ्या, इस्त्री, चार्जर. कोलकात्यात बनलेलं जुनं ‘ऑरोरा’ डिझेल इंजिन निघालं तर ते संग्राहकाकडे जाईल, शेल्फवर नको. उलट लांब अँटेनाचे, क्रिस्टलवाले ७२ मेगाहर्ट्झचे ट्रान्समीटर दिसायला भारी असले तरी २.४ गिगाहर्ट्झच्या जमान्यात त्यांना फक्त शोभेची किंमत आहे.

पावती एकाच्या नावाने करा, पण बाकीच्या वारसांची लेखी संमती घ्या. दुकानदाराला घरातल्या तिघांचे तीन फोन आले की तो माल परत पाठवतो.

१७. न जोडलेली प्लॅस्टिकची किट ठेवता येतात का?

येतात, आणि जागा कमी लागते म्हणून दुकानदार खूश असतात. आतल्या पिशव्या सीलबंद असतील तर उघडू नका. उघडलेल्या असतील तर सूचनापत्रकाप्रमाणे सगळे स्प्रू (सुटे भाग लागलेल्या चौकटी) मोजून ‘भाग पूर्ण’ असं लिहा. डिकल (चिकटवायची चित्रं) पिवळे पडले असतील तर तेही लिहा. अर्धवट जोडलेल्या किटला गिऱ्हाईक नसतं.

१८. मुदत संपली, विमान विकलं नाही. आणि दुकानदार म्हणतो, आधीच्या इंजिनाचं कमिशन बाकी आहे, ते दिल्याशिवाय विमान नेता येणार नाही. हे बरोबर आहे?

अर्धंच. करार कायद्याच्या कलम २२१ प्रमाणे एजंटला त्याचं कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत माल अडवता येतो, पण त्याच मालाबद्दलचं येणं असेल तर. इंजिनाच्या कमिशनसाठी विमान अडवता येईल असं तुमच्यात ठरलं नसेल, तर तो हक्क त्याला या कलमाने मिळत नाही. अर्थात येणं खरं असेल तर चारशे रुपयांसाठी कलमं काढण्यापेक्षा देऊन मोकळं व्हा.

विकलं नाही त्याचं म्हणाल, तर महिन्याभरात कुणी हातात घेऊन पाहिलंच नसेल तर किंमत चढी आहे. पाहून खाली ठेवत असतील तर विमानात काहीतरी आहे, प्रश्न ८ आणि ९ पुन्हा वाचा. दोन्ही करून झालं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स काढून विका आणि सांगाडा एनसीसीच्या एअर विंगला किंवा जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीमला देऊन टाका. आधी फोन करा, त्यांच्याकडेही जागेची बोंब असते.